हातोडी उचलण्याआधी: उत्तर कॅलिफोर्नियातील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर कॅलिफोर्नियातील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी सदस्यांस,
आणि ‘अर्चिन मोहिमे’साठी नाव नोंदवू पाहणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सहलीऐवजी यंदा समुद्रातलं श्रमदान करावं, मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर जाऊन जांभळे अर्चिन, म्हणजे तळावरचे काटेरी गोल प्राणी, फोडावेत आणि केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल वाचवावं, अशी कल्पना मंडळांच्या गटांत फिरते आहे. कल्पनेला आमचा विरोध नाही. मात्र तिच्यासोबत जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धीच खरी आहे: समुद्री पाणमांजर (सी ऑटर) अर्चिन खातं, अर्चिन केल्प खातो, पाणमांजरं गेली म्हणून अर्चिन माजले, तर चला, एक दिवस आपणच पाणमांजर होऊ. राहिलेल्या अर्ध्या गोष्टीमुळे अशा मोहिमा वाया जातात. दर जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढण्याचा कार्यक्रम आपण गावाकडे पुरेसा पाहिला आहे. समुद्रात तो खड्डा दिसतही नाही, एवढाच फरक.

आधी जंगलाबद्दल. मेंडोसिनो आणि सोनोमाच्या किनाऱ्यावर मुख्यतः बुल केल्प वाढतो. मॉन्टेरे आणि त्याच्या दक्षिणेला जायंट केल्पचं राज्य आहे. ही दोन वेगळी पिकं समजा. जायंट केल्प अनेक वर्षं जगतो, एका बुंध्यातून अनेक देठ काढतो आणि थंड, नायट्रेटयुक्त पाण्यात दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो. बुल केल्प वर्षायू आहे. वसंतात खडकाला चिकटलेलं बोटभर रोप उन्हाळा संपेपर्यंत पृष्ठभाग गाठतं. एकच लांब देठ, टोकाला कांद्यासारखा हवेचा फुगा आणि त्यावर पात्यांचा झुपका. पात्यांवर बीजाणूंचे गडद चट्टे तयार होतात, ते सुटून तळाशी पडतात, आणि बरेचसे बीजाणू आईबापांच्या आसपासच रुजतात. म्हणजे बुल केल्पला दरवर्षी नव्याने पेरणी करावी लागते. एका वर्षाची पेरणी खाल्ली गेली की पुढच्या वर्षी बियाणंच नाही. जे करायचं ते या वेळापत्रकात बसवून करायला हवं. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आता अर्चिन. काट्यांचा हा चेंडू खलनायक म्हणून रंगवला जातो, ते आम्हाला पटत नाही. धडधाकट जंगलातही अर्चिन भरपूर असतात. फक्त ते कपारीत बसून असतात. केल्पची तुटलेली पाती, सुटलेले देठ लाटांबरोबर तळाशी वाहत येतात. अर्चिन आपले नळीसारखे पाय पसरून ते पकडतो आणि जागच्या जागी खातो. बाहेर पडलं तर कुणीतरी खाईल ही भीती असते आणि आत बसून पोट भरत असतं. बाहेर पडायला कारण नसतं. ज्या दिवशी वाहून येणारं अन्न आटतं, किंवा खाणारा नाहीसा होतो, त्या दिवशी तोच अर्चिन कपार सोडतो आणि जिवंत देठाच्या बुंध्याशी जातो. त्याच्या तोंडात पाच दात असतात, झिजता झिजता धार लावून घेणारे. तीस फुटी केल्प पाडायला त्याला वर चढावं लागत नाही. बुडाशी देठ कुरतडला की वरचा सगळा डोलारा वाहून जातो. म्हणून अर्चिन किती आहेत याइतकंच ते कुठे बसले आहेत हेही महत्त्वाचं. खाली उतरल्यावर पहिली नोंद याची करा: कपारीत किती, उघड्यावर किती.

उत्तरेत दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या. २०१३ मध्ये ताऱ्यामाशांना गळून पडण्याचा रोग लागला आणि सूर्यफूल तारामासा जवळजवळ नाहीसा झाला. हा साधासुधा तारामासा नव्हे. एक मीटरपर्यंत व्यास, वीसच्या आसपास हात, खाली हजारो नळीपाय, आणि मिनिटाला मीटरभर वेग. तारामाशांच्या दुनियेत याला चित्ता म्हणावं लागेल. २०१४ ते २०१६ या काळात उष्ण पाण्याचा विळखा पडला. पाणी तापलं की त्यात नायट्रेट उरत नाही आणि केल्प उपाशी राहतो. खाणारा गेला, वाहून येणारं अन्न आटलं, अर्चिन बाहेर आले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प गेलं आणि जांभळ्या अर्चिनची संख्या ६० पट वाढली. त्याच केल्पवर जगणारे लाल अबलोनी, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे मोठे शिंपले, उपाशी मेले. २०१८ पासून अबलोनीची हौशी पकड बंद करावी लागली.

या यादीत पाणमांजराचं नाव नाही, हे लक्षात आलं असेल. मेंडोसिनो आणि सोनोमात २०१३ सालीही पाणमांजरं नव्हती. कातड्याच्या व्यापारात ती एकोणिसाव्या शतकातच संपली होती. १९११ च्या करारानंतर शिकार थांबली तेव्हा कॅलिफोर्नियात बिग सरच्या किनाऱ्यावर ५० च्या आसपास उरली होती. आज ती सुमारे ३,००० आहेत, पण मध्य किनाऱ्यापुरती. उत्तरेकडे ती अजून पोचलेली नाहीत. मग शंभर वर्षं पाणमांजराविना उत्तरेतलं जंगल टिकलं कसं? सूर्यफूल ताऱ्यामाशामुळे, थंड पाण्यामुळे, आणि अर्चिन कपारीत बसून राहिल्यामुळे. म्हणून “पाणमांजरं नाहीत म्हणून हे झालं” हे वाक्य मॉन्टेरेच्या मत्स्यालयात खरेदी केलेल्या मऊ खेळण्याइतकंच गोड आणि तितकंच अपुरं आहे.

पाणमांजराची गोष्ट खोटी नाही. तिची जागा दुसरी आहे. १९७४ मध्ये जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या संशोधकांनी अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरची तुलना प्रसिद्ध केली. अमचिट्का बेटाभोवती पाणमांजरं होती आणि केल्प होता. शेम्या बेटाभोवती पाणमांजरं नव्हती, तिथे अर्चिनचा गालिचा होता. १९९० च्या दशकात तिकडे ओर्का देवमासे पाणमांजरं खाऊ लागले, पाणमांजरं घटली, आणि अर्चिन पुन्हा केल्पवर चालून गेले. साखळीला वर आणखी एक कडी जोडली गेली आणि तळातलं चित्र उलटलं. तिथे अर्चिन खाणारा एकच मोठा गडी होता, म्हणून तो काढताच सगळं कोसळलं.

दक्षिण कॅलिफोर्नियात हेच काम काटेरी शेवंड आणि शीपहेड मासा करतात. शीपहेड जन्मतः मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो; मोठे मासे पकडले की नर तर जातातच, शिवाय मोठा अर्चिन फोडू शकणारे जबडेही जातात. अनाकापा बेटापाशी १९७८ पासून मासेमारीला बंद असलेल्या पट्ट्यात शेवंड आणि शीपहेड जास्त, अर्चिन कमी आणि केल्प टिकाऊ असं आढळलं. लगतच्या खुल्या पट्ट्यात अर्चिनची गर्दी झाली, आणि गर्दी झाली की त्यांच्यात रोगाच्या साथीही जास्त आल्या. खाणारा नसला की साथ येऊन संख्या खाली आणते. तोवर केल्प मात्र गेलेला असतो.

आता मोहिमेच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट. उजाड खडकावरचा अर्चिन फोडून आत पाहा. भरल्या जंगलातल्या अर्चिनमध्ये पिवळीधमक, जिभेच्या आकाराची पाच बीजांडं असतात. जपानी हॉटेलात ‘उनी’ म्हणून मिळतात तीच. उजाड जागेतल्या अर्चिनमध्ये पाणी आणि चिकट तपकिरी धागे. तो मरत नाही, चयापचय मंदावून वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. अशा रिकाम्या अर्चिनला पाणमांजर हात लावत नाही. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो. ऊब टिकवण्यासाठी त्याला रोज वजनाच्या पाव हिस्सा खावं लागतं. २० किलोच्या मादीला ५ किलो. रिकामं टरफल फोडण्यात घालवायला तिच्याकडे वेळ कुठला? मॉन्टेरेमध्ये नेमकं हेच दिसलं: पाणमांजरांनी उरलेल्या केल्पच्या तुकड्यांतले भरलेले अर्चिन खाल्ले आणि ते तुकडे वाचवले, पण शेजारच्या उजाड खडकाकडे फिरकली नाहीत. म्हणजे पाणमांजर आहे ते जंगल राखतं. गेलेलं जंगल परत आणायचं काम त्याच्याकडून होत नाही. उत्तरेत आणि ऑरेगॉनमध्ये पाणमांजरं पुन्हा सोडणं शक्य आहे, असं अमेरिकी वन्यजीव खात्याच्या २०२२ च्या अहवालात म्हटलं आहे. ती सोडावीत असं आमचंही मत आहे, पण आज उजाड असलेल्या खडकांवर सोडून ताबडतोब काही होणार नाही.

सूर्यफूल तारामासा असा चोखंदळ नाही. प्रयोगात त्याने दिवसाला सरासरी ०.६८ जांभळे अर्चिन खाल्ले, म्हणजे तीन दिवसांत दोन, आणि उपाशी, रिकामे अर्चिन तर जास्तच खाल्ले. उजाड जागेवर उतरणारा शिकारी हाच होता. आणि तोच गेला. त्याच्या रोगामागचा जिवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, २०२५ मध्ये ओळखला गेला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून या ताऱ्यामाशाची पैदास चालू आहे. मंडळाने निधी जमवला असेल तर त्यातला मोठा हिस्सा हातोड्या आणि टी-शर्टांऐवजी अशा पैदाशीच्या कामाकडे वळवावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

तरीही खडकावर जायचंच असेल तर हा हिशेब मांडा. उजाड खडक परत जंगल व्हायचा तर अर्चिन किती कमी करावे लागतात? जगभरातल्या अशा जागांची तुलना सांगते की जंगलाचं उजाड व्हायला अर्चिनचा जो भार लागतो, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत तो उतरला तरच उजाडाचं जंगल होतं. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एक नाही. म्हणून निम्मे अर्चिन मारले तर निम्मं जंगल येईल हा भ्रम आहे. निम्मे मारले तर काहीच येत नाही. उरलेल्यांना जास्त वाटा मिळतो, इतकंच. कॅलिफोर्नियातल्या कामांत दर चौरस मीटरला २ अर्चिन किंवा त्याहून कमी हे लक्ष्य धरतात.

समजा २० बाय २० मीटरचा तुकडा घेतला, ४०० चौरस मीटर. दर चौरस मीटरला २० अर्चिन असतील तर एकूण ८,०००. लक्ष्यापर्यंत यायला ७,२०० काढायचे. एका डुबकीत एका माणसाने २०० काढले असं धरलं तर ३६ डुबक्या. १२ डायव्हर, प्रत्येकी ३ डुबक्या, समुद्र शांत असेल तर एक शनिवार-रविवार. म्हणजे अशा एका मोहिमेचं क्षेत्रफळ गणपतीच्या मांडवापेक्षा फार मोठं नाही. अख्ख्या खाडीत विखरून फोडत सुटलात तर कुठेच लक्ष्य गाठणार नाही. शिवाय हे पहिल्या फेरीचं झालं. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान अर्चिन कपारीत आणि लाल अर्चिनच्या काट्यांखाली दडलेले असतात, ते नंतर बाहेर येतात. शेजारच्या खडकावरून मोठे चालत येतात. सहा महिन्यांनी येरे माझ्या मागल्या. एका तुकड्यावर वर्षात किमान तीन फेऱ्या करण्याची तयारी नसेल तर सुरुवात करू नका.

तुकडा निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, तो वाळूच्या पट्ट्याने शेजारच्या खडकापासून तुटलेला असावा, कारण अर्चिन वाळू ओलांडायला नाखूश असतो. फुकटचं कुंपण मिळतं. दोन, जवळच थोडा तरी केल्प शिल्लक असावा, नाहीतर साफ केलेल्या खडकावर पडायला बीजाणूच येणार नाहीत. जवळ केल्प नसेल तर दोरीवर किंवा खड्यांवर वाढवलेली रोपं आणून लावावी लागतात, आणि ते परवानगीचं, प्रयोगशाळेचं काम आहे, सहलीचं नव्हे.

मुहूर्ताबद्दल. जुलैत मुलांना सुट्टी असते म्हणून जुलै ठरतो आहे. पण बुल केल्पची त्या वर्षीची रोपं जुलैपर्यंत एक तर वर आलेली असतात किंवा खाल्ली गेलेली असतात. बीजाणू उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदात पडतात, हिवाळाभर सूक्ष्म अवस्थेत खडकावर असतात आणि वसंतात रोप होतात. तेव्हा पहिली मोठी सफाई सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा. समुद्रही त्या वेळी बरा असतो. दुसरी फेरी मार्च-एप्रिलमध्ये समुद्र देईल त्या पहिल्या दिवशी, रोपं बोटभर असताना. ही दुसरी फेरीच खरी. त्या आठवड्यांत चौरस मीटरला चार-पाच भुकेले अर्चिन राहिले तरी सगळी रोपं संपतात. तिसरी जूनमध्ये.

कायद्याचं भान ठेवा. सोळा वर्षं आणि वरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. हंबोल्ट, मेंडोसिनो आणि सोनोमा या तीन काउंट्यांत जांभळ्या अर्चिनची हौशी मर्यादा माणशी दिवसाला ४० गॅलन, म्हणजे पाच गॅलनच्या आठ बादल्या, अशी वाढवलेली आहे. इतरत्र ती ३५ नग. पाण्याखाली जागच्या जागी फोडणं सरसकट चालत नाही. त्याला ठरावीक ठिकाणी, ठरावीक मुदतीपुरती मुभा दिली जाते. मॉन्टेरेजवळच्या टँकर्स रीफला ती १ एप्रिल २०२१ पासून मिळाली होती. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर त्या जागेचा नियम वाचा. ‘स्टेट मरीन रिझर्व्ह’ म्हणून पूर्ण राखीव असलेल्या पट्ट्यातून काहीही काढता येत नाही. बाहेर काढलेल्या अर्चिनचं काय करणार हेही आधी ठरवा. खायला त्यात काही नाही, आणि आठ बादल्या उन्हात ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत गाडीत बसवणार नाही. कंपोस्ट करणारं कुणी ठरवल्याशिवाय पहिली बादली भरू नका.

हातोडी छोटी आणि अणकुचीदार घ्या, मोठा घण पाण्यात फिरत नाही. लाल अर्चिनला हात लावू नका. त्याच्या लांब काट्यांखाली अबलोनीची पिल्लं आसरा घेतात, आणि तो मासेमारांच्या पोटापाण्याचा माल आहे. लहान लाल अर्चिन जांभळ्यासारखाच दिसतो. शंका आली तर सोडून द्या. खडकावरचा गुलाबी थर म्हणजे मेलेला दगड नाही, ते चुनखडी शेवाळ आहे, खरवडू नका. “फोडल्याने अंडी पसरून अर्चिन आणखी वाढतील” ही भीती ऐकू येते. उजाड जागेतल्या रिकाम्या अर्चिनमध्ये पसरायला काही नसतंच. केल्पच्या कडेचे, भरलेले अर्चिन मात्र फोडण्याऐवजी पिशवीत घालून बाहेर आणलेले बरे.

तारकर्लीला स्कुबा शिकलेल्या मंडळींना विशेष विनंती. तिथलं पाणी कोमट. इथे १० ते १२ अंश, सात मिलिमीटरचा सूट किंवा ड्रायसूट, आणि खडकाशी लाटेची अशी उसळी की दोन मीटर पुढे आणि दोन मीटर मागे नेईल. एका हातात हातोडी, समोर काट्यांचा गालिचा, आणि उसळीत तोल जाणं; बहुतेक जखमा अशाच होतात. काटा सूटच्या निओप्रिन रबरातून सहज आत जातो आणि आतच मोडतो. थंड पाण्यातल्या किमान वीस डुबक्या नसतील तर पाण्यात उतरू नका. किनाऱ्यावर बादल्या मोजायलाही माणसं लागतात.

आणि मोजणी. मोजणी नसेल तर काम झालं की नाही हे कुणालाच कळणार नाही. ३० मीटर फीत तळावर पसरा, दोन्ही बाजूंना एकेक मीटर पाहत जा. ६० चौरस मीटर होतात. समुद्रतळाची मोजणी करणाऱ्या रीफ चेक या संस्थेचे स्वयंसेवक याच मापाने मोजतात, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. जांभळे आणि लाल अर्चिन, अबलोनी, केल्पचे देठ, आणि नशीब असेल तर सूर्यफूल तारामासा, असे रकाने करा. तारामासा दिसला तर उचलू नका. फोटो, खोली आणि जागा नोंदवून संशोधकांना कळवा. सफाईच्या आदल्या दिवशी एक मोजणी, दुसऱ्या दिवशी एक, आणि त्यानंतर दर फेरीला. वीस मीटरवर असाच एक न छेडलेला तुकडा राखून तोही मोजा. पाणी थंड राहिल्यामुळे केल्प आपोआप आला की तुमच्यामुळे, हे त्याच्यावरूनच कळेल.

जागा निवडायला, पहिली फीत टाकायला आणि मोजणीचे कागद तयार करून द्यायला आम्ही येऊ. कार्यकारिणीने आम्हाला फक्त तीन तारखा कळवाव्यात: ऑक्टोबरची, मार्चची आणि जूनची. एकच तारीख आली तर त्या दिवशी मंडळाने किनाऱ्यावर वनभोजन करावं, ही विनंती. मेंडोसिनोचा किनारा त्यासाठीही उत्तम आहे.

आपले,
पाण्याखाली मोजणीचं काम करणारे, आपल्याच मंडळांतले काही सदस्य